निधान

जुन्या व्हॅनचा क्लच वर धरायचा, अगदी वर.
टाच उचलायची, बोटं नुसती टेकलेली,
पाय जवळजवळ काढूनच घ्यायचा,
तेव्हा कुठे ती म्हणायची, बरं, चला.
एकोणीस वर्षं तिच्यात टॉवेलचे गठ्ठे भरून
चाटी गल्लीत नेले.
दुसरा गिअर तळव्यानं ठोसून,
तिसऱ्याआधी जरा थांबून,
रागावलेल्या माणसापुढे
आपण दोन क्षण गप्प बसतो तसं.

ही दसऱ्याला आणली. पांढरी. सीटवर अजून प्लॅस्टिक.
शोरूममधला पोरगा म्हणाला, काकू, ऑटोमॅटिक घ्या,
डाव्या पायाला कामच नाही.
मी म्हटलं, डाव्या पायानं काय पाप केलंय?

हिचा क्लच लोण्यासारखा.
आणि धरतो कुठे, तर पार खाली,
माझा पाय अजून वाटेत असतानाच.
गेंट्याल चौकात तीनदा बंद.
चौथ्यांदा अशी उडी मारली
की मागचा शेंगाचटणीचा डबा पुढे येऊन उघडला.
पहिलं कुंकू लागलं ते असं,
लाल, लसणाच्या वासाचं.
शेजारी आमचे हे
नसलेला ब्रेक दाबत बसलेले.
बोलले काही नाहीत.
पायाखालचं रबर तेवढं गोळा झालं होतं.

मग पहाटे एकटीच, अक्कलकोट रोडला, एमआयडीसीत,
माग सुरू व्हायच्या आत.
रस्त्यावर कुत्री आणि मी.
चप्पल काढून ठेवली.
अण्णा खड्डामागावर बसायचे तेव्हा
पावडीवर पाय कायम अनवाणी.
चप्पल घालून सूत कळत नाही, म्हणायचे.
सूत कसलं कळतंय इथे,
पण तळव्याला एक थरथर लागली,
मग पुन्हा हरवली.

आसरा पुलाच्या चढावर मात्र
मागे उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या.
पुढचे थांबले, मी थांबले,
पुढचे निघाले,
मी वीतभर मागे.
आरशात नुसता ऊस.
कानशिलं तापली, पाय लटलटायला लागला,
हँडब्रेक कुठल्या बाजूला तेही आठवेना.

ट्रॅक्टरवाला उतरला. आता शिव्या, म्हटलं.
त्यानं रस्त्याकडेचा दगड उचलला,
माझ्या मागच्या चाकाला लावला,
आणि काचेशी वाकून म्हणाला,
निधान, अक्का. निधान.

कानडीत सावकाश.
घरी आम्ही तेलुगू बोलतो, त्यातही तेच.
पण सहावीत मराठीच्या बाईंनी
निधान म्हणजे पुरून ठेवलेलं धन, असं लिहून दिलं होतं,
आणि मी वहीत हंडा काढला होता.
त्या चढावर, एवढे हॉर्न मागे,
मला तो हंडाच आठवला.

पाय हळू वर आणला.
अजून थोडा.
इंजिनाचा आवाज किंचित खाली बसला,
बॉनेटनं मान उचलली,
ओळखीचा वास आलेल्या जनावरासारखी.
ब्रेक सोडला.
गाडी मागे गेली नाही.
पुढेही नाही.
उभ्या चढावर नुसती तोलून उभी,
माझ्या डाव्या पायाच्या दोन बोटांवर.
गेले मग. दगड तिथेच राहिला,
त्याला परत उचलावा लागला असणार.

परवा सात रस्त्याला सिग्नलला
शेजारी जुनी व्हॅन.
मोईन बागवाननं घेतलीय, आत सीताफळं,
डॅशबोर्डवर माझ्याच हातचा चिकटवलेला आरसा.
हिरवा झाला. तो निघाला,
दुसरा टाकताना खर्रर्र.
मी काच खाली करून ओरडले,
अरे, तळव्यानं ठोस तिला!
तो हसला, ठोसला, गेला.

मागचे सगळे हॉर्न देत होते.
कुणाला देतायत, म्हणून बघितलं,
तर माझी बंद पडली होती.